रिल्केचा बिबट्या: बारा ओळींच्या पिंजऱ्यात नेमकं घडतं काय?

ऊसतोड सुरू झाली की जुन्नर, आंबेगाव, शिरूर, खेड या पट्ट्यातून एक बातमी हमखास येते: 'बिबट्या जेरबंद'. सोबत मोबाइलवर काढलेला व्हिडिओ. पिंजऱ्याच्या मागच्या कप्प्यात जीव मुठीत धरून बसलेली शेळी, पुढच्या कप्प्यात दात विचकून गजांवर धडका देणारा बिबट्या, भोवती टॉर्चचे झोत आणि "मागं सरका रे" असा ओरडा.

परवा आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अशाच एका व्हिडिओपाठोपाठ एकाने एक कविता टाकली. रायनर मारिया रिल्के या जर्मन भाषेत लिहिणाऱ्या कवीची 'डेर पांथर', इंग्रजी भाषांतरात. दहा-बारा अंगठे आले आणि मग खरे प्रश्न सुरू झाले. हा काळा वाघ आहे का? शेवटी तो मरतो का? आणि एका काकांचा रोखठोक सवाल: "कवीला काय माहीत जनावराच्या मनात काय चाललंय?"

तिन्ही प्रश्न रास्त आहेत, म्हणून हा लेख.

## आधी कविता

रिल्केचा जन्म १८७५ साली प्राग शहरातला. १९०२ च्या ऑगस्टअखेर तो पॅरिसला आला तो रोदँ या शिल्पकारावर पुस्तक लिहायचं काम घेऊन. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, म्हणजे वयाची सत्तावीस वर्षंही पुरी झाली नव्हती तेव्हा, त्याने ही कविता लिहिली. शीर्षकाखाली त्याने जागेचा पत्ता दिलाय: झार्दँ दे प्लांत, पॅरिस. ही तिथली वनस्पती-बाग. तिच्यातच फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९३-९४ च्या सुमारास उभं राहिलेलं प्राणिसंग्रहालय आहे. आजही चालू आहे.

कविता बारा ओळींची. मी शब्दाला शब्द ठेवून मराठीत आणली आहे, त्यामुळे यमकं गेली (शेवटच्या कडव्यातली बाहुली म्हणजे डोळ्यातली):

त्याची नजर, समोरून सरकत जाणाऱ्या गजांनी
इतकी थकली आहे की तिच्यात आता काही ठरत नाही.
त्याला वाटतं, जणू हजार गज आहेत
आणि हजार गजांपलीकडे जग नाही.

लवचीक, दमदार पावलांची मऊ चाल
लहानात लहान वर्तुळात फिरते,
जसा ताकदीचा नाच एका मध्याभोवती,
जिथे एक मोठी इच्छाशक्ती बधीर उभी आहे.

फक्त कधीकधी बाहुलीचा पडदा
आवाज न करता सरकतो. मग एक चित्र आत जातं,
अवयवांच्या ताणलेल्या शांततेतून जातं
आणि हृदयात असायचं थांबतं.

बस्स, एवढंच. गोष्ट नाही, पात्रं नाहीत. रखवालदार, प्रेक्षक, खायला टाकलेलं मांस, कशाचाही उल्लेख नाही.

## पांथर म्हणजे कोण?

आपला बिबट्या. जर्मनमध्ये पांथर म्हणजे बिबट्याच. काळाच असला पाहिजे असं नाही. काळा बिबट्या हा काही वेगळा प्राणी नसतो. त्याचा रंग तेवढा गडद असतो, आणि नीट उजेडात त्या काळ्यावरही ठिपके दिसतात. मराठीत कुणी 'चित्ता' म्हणेल, पण ते साफ चूक. चित्ता सडपातळ, मोकळ्या माळावर धावणारा. कवितेतल्या मऊ, दमदार, दबकत्या चालीशी त्याचं जमत नाही.

मग मी मराठीत 'पँथर' का नाही ठेवलं? कारण मराठी कानाला त्या शब्दात १९७२ ची मुंबई ऐकू येते. दलित पँथरने तो शब्द अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पक्षावरून घेतला आणि आपल्याकडे तो उसळणाऱ्या, अंगावर येणाऱ्या माणसाचा शब्द झाला. रिल्केच्या कवितेतला प्राणी उसळत नाही. तिथेच तर सगळी मेख आहे.

## व्हिडिओतला बिबट्या आणि कवितेतला बिबट्या

ऊसातून नुकता पकडलेला बिबट्या गजांवर तोंड आपटतो, दात मोडून घेतो, गुरगुरतो. त्याच्यासाठी पिंजरा अडथळा आहे आणि अडथळ्यापलीकडे ऊस आहे, ओढा आहे, पिल्लं आहेत. 'जेरबंद' हा शब्द मुळात घोड्याच्या सामानातला. घोड्याला मान वर उडवता येऊ नये म्हणून छातीखालून घेतलेला पट्टा म्हणजे जेरबंद. पट्टा आवळलेला असला तरी घोड्याला मान उडवायची असतेच. म्हणून तर पट्टा लागतो.

रिल्केचा बिबट्या त्याच्या पुष्कळ पुढे गेला आहे. धडका संपल्या. पलीकडे काही आहे ही आठवणही पुसत आली आहे. पहिल्याच वाक्यात 'थकली' हा शब्द येतो तो याचसाठी. कविता पकडण्याच्या क्षणाबद्दल बोलतच नाही. त्यानंतर येणाऱ्या, ज्याची बातमी होत नाही अशा वर्षांबद्दल ती बोलते. जुन्नर तालुक्यात माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे. जंगलात परत सोडता न येणारे बिबटे तिथे राहतात. ते पकडले गेले त्या दिवशी आपण व्हिडिओ पाहिलेला असतो. पुढचं काही आपल्याला माहीत नसतं.

## गज कसे काय चालतात?

पहिली ओळ पुन्हा वाचा. 'समोरून सरकत जाणाऱ्या गजांनी.' गज तर जमिनीत पक्के रोवलेले. चालतोय तो बिबट्या.

लहानपणी एसटीच्या खिडकीत बसून आपण सगळ्यांनी हे पाहिलंय: गाडी उभी आणि झाडं मागे पळतायत. थोड्या वेळाने आई सांगते की पळतोय आपण. मग गंमत संपते. बिबट्याला सांगणारं कुणी नाही. इतक्या येरझाऱ्या झाल्यात की आपण चालतोय हेच त्याच्या लेखी उरलेलं नाही. एकामागून एक गज येतायत आणि जातायत.

'नजरेत काही ठरत नाही' हेही गाडीतच तपासता येतं. समोरच्या सीटवर बसून बाहेर बघणाऱ्याचे डोळे न्याहाळा. ते एखादा खांब पकडतात, त्याच्याबरोबर थोडे मागे जातात आणि झटक्यात पुढे येऊन दुसरा पकडतात. सारखं हेच. त्याला स्वतःला पत्ता नसतो. तासाभराने डोळे जड होतात आणि तो बघायचं सोडतो. डोळे उघडे असतात पण नजर कशावरच नसते. आता हीच गाडी थांबतच नाही असं समजा.

म्हणून 'हजार' हा आकडा अतिशयोक्तीचा वाटला तरी तसा नाही. पिंजऱ्याला समजा चाळीस गज असतील. पंचवीस फेऱ्यांत हजार गज डोळ्यांपुढून जातात. मूळ जर्मनमध्ये गजाला 'श्टाब' म्हणतात, अनेकवचनी 'श्टेबे'. पहिल्या चार ओळींत हा शब्द तीनदा येतो, आणि एका ठिकाणी त्याला लागून 'गेबे' हा त्याच्याशी जुळणारा शब्द. श्टेबे, श्टेबे गेबे, श्टेबेन. जर्मन येत नसेल तरी मोठ्याने म्हणून बघा. गज कानांपुढून जातात.

## कर्ता कोण?

शाळेत वाक्याचा कर्ता शोधायला बाई सांगायच्या, क्रियापदाला 'कोण?' विचारा. मला विचाराल तर ही कविता उघडायची किल्ली हीच आहे.

कोण थकलं? नजर. कोण फिरतं? चाल. कोण उभं आहे? इच्छाशक्ती. कोण सरकतं? पडदा. कोण आत जातं, कोण थांबतं? चित्र.

बिबट्या कुठेय? बारा ओळींत एकाही क्रियापदाचा कर्ता तो नाही. त्याची नजर आहे, चाल आहे, बाहुली आहे, अवयव आहेत, हृदय आहे. तो मात्र शीर्षकात. शीर्षकावर आणि पत्त्यावर बोट ठेवून कविता वाचली तर हा प्राणी आहे हेसुद्धा खात्रीने सांगता येणार नाही. पिंजऱ्याने त्याचं काय केलं हे रिल्के सांगत बसत नाही. त्याने वाक्यरचनेतूनच त्याला काढून टाकलं आहे.

एकाच जागी बिबट्या थोडा डोकावतो: 'त्याला वाटतं.' इथे मराठी वाचक नशीबवान. इंग्रजीत या जागी भाषांतरकार अडखळतात, कारण तिथे कुणीतरी कर्ता उभा करावा लागतो. जर्मनमध्ये आणि मराठीत मात्र अनुभव घेणाऱ्याला विभक्ती लावून कडेला बसवता येतं. मला वाटतं, त्याला भूक लागते, तिला आठवतं. यात 'मी' काही करत नाही, माझ्या बाबतीत ते घडतं. रिल्केचं मूळ वाक्य अगदी अशाच घडणीचं आहे.

## बधीर

दुसऱ्या कडव्यावर फार वेळ घालवणार नाही, एक शब्द सोडून. मोठी इच्छाशक्ती मधोमध उभी आहे, 'बेटॉइब्ट'. या शब्दाच्या पोटात 'टाउब' आहे, म्हणजे बहिरा. आणि शस्त्रक्रियेआधी भूल देण्यालाही जर्मनमध्ये याच कुळातला शब्द वापरतात. काही भाषांतरांत इथे 'सुन्न', 'स्तब्ध' अशा अर्थाचे शब्द येतात. मराठीत आपल्याकडे 'बधीर' तयार आहे. कानानेही बधीर आणि दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर हिरडीही बधीर. हिरडी मेलेली नसते. दुखणं तिथेच असतं, फक्त पोचत नाही. बिबट्याची ताकद तशीच आहे, पायांत दिसतेच आहे. ती कशासाठी आहे तेवढं बधीर झालंय.

या गोल-गोल फिरण्याला प्राणिशास्त्रात नाव आहे: स्टिरिओटिपी. म्हणजे बंदिवासातल्या प्राण्याची तीच ती, कसलाही हेतू न दिसणारी हालचाल. हत्ती डुलतो, अस्वल मान हलवतं, मांजरकुळातले प्राणी येरझाऱ्या घालतात. २००३ मध्ये रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन या दोघींनी 'नेचर' या नियतकालिकात मांडलं की जंगलात ज्या मांसाहारी प्राण्यांचा वावर जितका मोठा, तितक्या त्यांच्या पिंजऱ्यातल्या येरझाऱ्या जास्त. त्यांनी दिलेलं उदाहरण ध्रुवीय अस्वलाचं: त्याला मिळणारी जागा त्याच्या जंगली मुलखाचा साधारण दहा लाखावा भाग. शंभर वर्षांआधी रिल्केकडे हा शब्द नव्हता. पिंजऱ्यासमोर उभं राहायला वेळ मात्र होता.

## 'कवीला काय माहीत?'

काकांचा प्रश्न. उत्तर अर्धं कवीच्या बाजूचं आहे, अर्धं काकांच्या.

रोदँच्या कारखान्यात रिल्के एक गोष्ट शिकत होता: आपल्या भावना बाजूला ठेवून समोरची वस्तू पाहायची, आणि मूर्तीसारखी चहूबाजूंनी पूर्ण होईल अशी ती शब्दांत उभी करायची. अशा कवितेला जर्मनमध्ये 'डिंगगेडिश्ट' म्हणतात. आपण वस्तुकविता म्हणू. म्हणून या कवितेत 'मी' नाही. 'अरेरे' नाही. 'बिचारा' नाही. एका तरुण, एकट्या, परक्या शहरात पैशाची ओढाताण असलेल्या कवीला स्वतःचं रडगाणं गायची केवढी सोय होती! त्याने ती घेतली नाही. नजर, चाल आणि बाहुली या तिन्ही गोष्टी पिंजऱ्याबाहेर उभ्या असलेल्या कुणालाही दिसतात. मनात शिरायची वेळ येते तिथे तो 'जणू' घालतो.

पण तिसऱ्या कडव्यात काका जिंकतात. चित्र डोळ्यातून आत गेलं, अवयवांतून फिरलं, हृदयात पोचलं, हे बाहेरून दिसणं शक्य नाही. तिथे 'जणू'ही नाही. कवीने सरळ उडी मारली आहे. मला ती उडी पटते, कारण तोवर दहा ओळी त्याने इमानदारीने फक्त पाहिलं आहे. पण ती उडी आहे हे मान्य करायला हवं.

एक बारीक गोष्ट. 'बाहुलीचा पडदा' वाचून आपल्याला घरची मांजर आठवते: उन्हात उभी फट, अंधारात टपोरी बाहुली. बिबट्याची बाहुली तशी फटीसारखी होत नाही, गोलच राहते. तेव्हा पडदा दोन्हीकडून सरकवल्यासारखं इथे खरोखर काही होत नसणार. रिल्केला बहुधा नजर एकाएकी कशावर तरी ठरते तो क्षण सांगायचाय. चिमणी बसली असेल, एखादं पोर पळालं असेल. पूर्ण शरीर क्षणभर ताठ होतं. 'ताणलेली शांतता' हा शब्द ज्याने मांजराला खारीवर टपलेलं पाहिलंय त्याला समजावावा लागत नाही.

## मग तो मरतो का?

नाही. चित्र थांबतं.

शिकाऱ्याच्या शरीरात चित्राचं काम ठरलेलं असतं. डोळ्यात हरीण आलं की स्नायू ताणतात, आणि झेप. चित्राचं रूपांतर कृतीत होतं. इथे चित्र डोळ्यात आलं, स्नायू ताणलेही, सगळी तयारी झाली, पण पुढे जायला वाट नाही. ते हृदयापाशी येऊन असायचं थांबतं. मराठीत इथे 'विझतं', 'विरतं', 'मावळतं' असे देखणे शब्द हाताशी येतात. मी मुद्दाम टाळले. विझण्यात थोडी ऊब असते. मूळ वाक्य कोरडं आहे: असणं बंद होतं.

आणि ओळही तिथेच बंद होते. बाकी अकरा ओळींत प्रत्येकी दहा किंवा अकरा अक्षरं आहेत. शेवटच्या ओळीत आठ. मराठी कानाला आखूड शेवट नवा नाही. ज्ञानेश्वरीची ओवी साडेतीन चरणांचीच, चौथा चरण तोकडा. पण ओवीत ती लहानशी विसाव्याची जागा असते, आणि लगेच पुढची ओवी येते. इथे अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि पाय जमिनीवर आदळावा, तसं होतं. पुढे कडवं नाही.

## 'हे माणसाबद्दलच आहे ना?'

शाळेत आपल्याला सवय लागली आहे: कवितेत झाड आलं की ते आई, नदी आली की आयुष्य, पिंजरा आला की समाज. त्यामुळे वाचक दुसऱ्या ओळीलाच बिबट्याला सोडून स्वतःच्या ऑफिसकडे वळतो. वळायला हरकत नाही. सकाळची आठ बावीसची लोकल वर्षानुवर्षं पकडणाऱ्याला 'लहानात लहान वर्तुळ' कुणी समजावून द्यायला नको. फक्त आधी बिबट्या पूर्ण बघून घ्यावा. तो निव्वळ प्रतीक असता तर रिल्केने पावलांची चाल मऊ आहे हे कशाला टिपलं असतं?

## 'आता कुठे राहिलेत गजांचे पिंजरे?'

हा आक्षेप चांगला, आणि त्यात एक योगायोग दडला आहे. ही कविता रिल्केच्या 'नव्या कविता' या संग्रहात आली १९०७ साली. त्याच वर्षी हाम्बुर्गजवळ कार्ल हागेनबेकने आपलं प्राणिसंग्रहालय उघडलं: गज नाहीत, मध्ये खंदक, मागे कृत्रिम खडक, आणि लांबून पाहिलं तर सिंह मोकळा दिसावा अशी रचना. जगभर पुढे हेच रूढ झालं. (हाच हागेनबेक दूरदेशीची माणसंही प्रदर्शनात मांडायचा, हे त्याच्या कौतुकात लोक विसरतात.) आपल्याकडे १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आलं आणि हळूहळू जुने कोंदट पिंजरे हटू लागले. आता काच असते, झुडपं असतात, पाण्याचं टाकं असतं.

पण काचेपलीकडचा बिबट्या थोडा वेळ बघा. झुडपांतून, दगडाला वळसा घालून, काचेच्या कडेने, परत झुडपांत. गवतात पायवाट पडलेली दिसते. गज गेले ते बघणाऱ्याच्या डोळ्यांपुढून.

## मग पकडूच नये का?

इथे कवितेला विचारायला जाऊ नये. ती वनखात्याचा सल्ला नाही. ज्यांच्या अंगणातून लेकरू उचललं गेलं त्यांच्यापुढे ती वाचणं हा निर्लज्जपणा होईल. पिंजरा लावायचा की नाही हे ठरवायला दुसऱ्या तऱ्हेची माहिती लागते. उदाहरणार्थ, विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेली: जुन्नर भागात पकडलेले बिबटे दूरच्या जंगलात नेऊन सोडायला लागल्यावर माणसांवरचे हल्ले घटण्याऐवजी वाढले. त्यावर वाद घालावा, जरूर घालावा, पण आकडे घेऊन. कवितेचा उपयोग इतकाच की 'जेरबंद' वाचून पान उलटताना पिंजऱ्याच्या आत काय चालू होणार आहे ते माहीत असतं.

## जाता जाता, पहिला आणि शेवटचा शब्द

कविता सुरू होते 'झाइन' या शब्दाने. म्हणजे 'त्याची': त्याची नजर. आणि संपतेही 'झाइन' याच शब्दावर, पण तिथे त्याचा अर्थ 'असणं'. जर्मनमध्ये दोन्ही शब्द एकाच अक्षरांत लिहितात, एकसारखे उच्चारतात. वर्तुळ सुरू झालं तिथेच येऊन मिटतं.

मी हे मराठीत करायचा दोन रात्री प्रयत्न केला. 'त्याची'ने सुरुवात करून शेवट 'त्याची'वर आणला तर 'असणं' निसटतं. 'असते त्याची नजर' असं सुरू केलं तर शेवट 'असते'वर आणता येतो, पण मग थांबलं काहीच नाही.